परदेशातून: नाटकाचा खर्च गावानं का करायचा?

मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर चांगलंच वाजलं. मामेभाऊ राहतो त्या तालुक्याच्या गावातलं नाट्यगृह तीन वर्षं बंद आहे, छत गळतंय, निम्म्या खुर्च्या मोडल्यात, आणि आता कुठे दुरुस्तीला पैसे काढायचं ठरतंय तर दादानं लिहिलं की आधी रस्त्यातले खड्डे बुजवा, नळाला दिवसाआड पाणी येतं ते बघा, ज्याला नाटक बघायचंय त्यानं आपल्या खिशातून बघावं. त्यावर काका म्हणाले की बरं, गावाचे पैसे घालायचेच असतील तर तिथे काय दाखवायचं तेही गावानंच ठरवावं, उगाच कुणाच्या भावना दुखावणारं काही नको. पुढे मग दोनशे मेसेज. मी त्या दिवशी काही लिहिलं नाही, कारण दादाचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाहीये, तो रोज त्या खड्ड्यांतून स्कूटर घालतो आणि मी इथे अथेन्सला बसलोय. पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

मी पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, जहाजांच्या टेक्निकल मेंटेनन्सचं काम करतो, नऊ वर्षं झाली. मूळचा सांगलीचा. सांगलीच्या माणसाला नाटकाचं वेगळं काही सांगावं लागत नाही, दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होताना बघतच मोठे झालो आम्ही. तर गेल्या रविवारी अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीच्या दक्षिण उतारावर डायोनायसस या देवाचं थिएटर आहे तिथे जाऊन बसलो. खरं तर त्या संगमरवरी खुर्च्यांवर बसू देत नाहीत, बाजूच्या पायवाटेवर बसलो. पहिल्या रांगेतल्या त्या खुर्च्यांवर कुठल्या पुजाऱ्याची, कुठल्या अधिकाऱ्याची जागा ते कोरलेलं आहे, आणि मधोमध डायोनायससच्या पुजाऱ्याची, तिच्यावर बारीक नक्षी. म्हणजे रिझर्व्ह सीटच त्या.

आपण थिएटर म्हणतो तो शब्द इथलाच. थिएट्रॉन म्हणजे बघायची जागा, डोंगराच्या उतारावर अर्धगोल पायऱ्या. खाली मधे जी मोकळी जागा ती ऑर्केस्ट्रा, म्हणजे नाचायची जागा, वाद्यवृंदाशी तिचा मूळचा संबंध नाही. आणि तिच्या मागे स्केने, म्हणजे तंबू किंवा खोपट, नटांना मुखवटे-कपडे बदलायला, त्यावरून इंग्रजीतला सीन हा शब्द आला. नट सगळे पुरुष, बायकांची कामंही तेच करणार. आधी एकच नट आणि कोरस, म्हणजे गाणारा-नाचणारा जथा, होता, दुसरा नट आणला एस्किलसनं, तिसरा सोफोक्लिसनं, आणि त्या तिघांनीच मुखवटे बदलून सगळी पात्रं करायची. कोरस शोकांतिकेत आधी बाराचा, मग पंधराचा, विनोदी नाटकात चोवीसचा, आणि ही माणसं धंदेवाईक नट नव्हती, शहरातले साधे नागरिक होते, महिनोन् महिने तालमी करून गाणं आणि नाच बसवायचे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रेक्षकांत बसलेल्या कित्येकांनी कधी ना कधी स्वतः खाली उभं राहून गायलेलं असायचं.

आणि सगळं स्पर्धेत! दर वर्षी वसंतात मोठा डायोनायसिया उत्सव, त्यात तीन नाटककार, प्रत्येकाची तीन शोकांतिका आणि वर एक हलकंफुलकं सॅटर नाटक, शिवाय विनोदी नाटकं वेगळी. परीक्षक दहा, दहा जमातींतून चिठ्ठ्या टाकून काढलेले, आणि त्यांच्या मतांतलीही सगळी मोजायची नाहीत, परत चिठ्ठीनं उचलायची, म्हणजे कुणी पैसे चारले तरी उपयोग नाही. युरिपिडीसचं 'मीडिया' हे नाटक इ.स.पू. ४३१ च्या स्पर्धेत तिसरं आलं, तीनमधे तिसरं. राज्य नाट्य स्पर्धेचा निकाल लागल्यावर चहाच्या टपरीवर रात्री एकपर्यंत परीक्षकांचा उद्धार करणारी आमची मंडळी आठवली मला, ती तिथे अगदी शोभली असती.

आता दादाच्या मुद्द्याकडे येतो. पैसे कोण द्यायचं?

तिथून उतरून प्लाकाच्या गल्ल्यांत शिरलं की पाच-दहा मिनिटांत लिसिक्रातिसचं स्मारक लागतं. गोल, उंच, अंगाला संगमरवरी खांब, आजूबाजूला कॅफेच्या खुर्च्या आणि मांजरं. हा लिसिक्रातिस नाटककार नव्हता, नटही नव्हता, तो खोरेगोस होता, म्हणजे कोरसचा खर्च उचलणारा पैसेवाला. इ.स.पू. ३३५-३४ मधे त्यानं खर्च केलेल्या मुलांच्या कोरसनं पहिला नंबर काढला, बक्षीस म्हणून ब्राँझची तिवई मिळाली, आणि ती ठेवायला त्यानं हे बांधलं. अशी स्मारकं त्या रस्त्यावर ओळीनं होती, रस्त्याचं नावच अजून त्रिपोदोन, तिवयांचा रस्ता. तर पद्धत अशी होती की दरवर्षी शहराचा अधिकारी श्रीमंत नागरिक निवडायचा आणि सांगायचा की यंदाचा कोरस तुझ्याकडे, कपडे, तालमी, शिकवणाऱ्या मास्तरांचा खर्च, सगळं तू बघ. लढाऊ जहाजाचा वर्षाचा खर्चही असाच दुसऱ्या श्रीमंतावर टाकायचे. म्हणजे नाटक आणि आरमार एकाच वहीत! आणि कुणी म्हणालाच की मला परवडत नाही, तो अमका माझ्याहून श्रीमंत आहे, तर कायदा असा की मग तो अमका एक तर खर्च उचलेल, नाहीतर तुम्ही दोघांनी आपापली सगळी मालमत्ता अदलाबदल करायची. बघा पटतं का.

गरिबाच्या तिकिटासाठीही सरकारी निधी होता, थिओरिकॉन म्हणायचे. आणि दादा, तू जे ग्रुपवर लिहिलंस ना ते इथे तेवीसशे वर्षांपूर्वी डेमॉस्थेनिस या वक्त्यानं भर सभेत मांडलं होतं. मॅसिडोनियाचा फिलिप चालून येतोय आणि आपण पैसे उत्सवाच्या निधीत अडकवून ठेवतोय, ते सैन्याला द्या, असं तो वर्षानुवर्षं सांगत होता, शेवटी लोकांनी ऐकलं, पण इ.स.पू. ३३८ ला खायरोनियाच्या लढाईत अथेन्स हरलंच. म्हणजे नाटक आधी की गरजा आधी हा प्रश्न खोटा नाही, तेव्हाही नव्हता. मला थक्क करते ती पुढची गोष्ट. हरल्यानंतर शहराचा पैसा सांभाळायला आला लिकर्गस नावाचा माणूस, आणि त्याच्या काळात हे थिएटर दगडात पुरं झालं. त्याआधी जिथे एस्किलस आणि सोफोक्लिसची नाटकं झाली तिथे लोक लाकडी बाकांवर बसायचे. शिवाय एस्किलस, सोफोक्लिस आणि युरिपिडीस या तिन्ही मोठ्या नाटककारांच्या संहितांची अधिकृत प्रत शहराच्या दप्तरात ठेवायची आणि नटांनी त्यातला शब्द बदलायचा नाही, असा कायदाही त्यानंच केला. हरलेल्या, खचलेल्या शहरानं हे केलं.

काकांचा मुद्दा जास्त अवघड आहे. पैसे देतो तो तोंड बंद ठेव म्हणू शकतो का?

माझ्या कामाच्या जागेपासून जवळच, पेरामाच्या धक्क्यावरून, समोर सॅलमिस बेट दिसतं. फेरी पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे जाते, मधल्या पाण्यात दुरुस्तीला आलेली जहाजं उभी असतात. त्याच चिंचोळ्या पाण्यात इ.स.पू. ४८० मधे इराणचं आरमार बुडालं. त्याआधी त्याच इराणी सैन्यानं अथेन्समधे शिरून अ‍ॅक्रोपोलिसवरची देवळं जाळली होती. आठ वर्षांनी, ४७२ ला, एस्किलसनं 'पर्शियन्स' लिहिलं आणि ते अख्खं नाटक इराणी दरबारात घडतं. त्यात ग्रीक पात्र एकही नाही. राजा झर्क्सीसची म्हातारी आई मुलाची वाट बघतेय, दूत येऊन सांगतो की सगळं संपलं, मेलेल्यांची नावं घेतो, आणि शेवटी फाटक्या कपड्यांत झर्क्सीस येतो आणि म्हाताऱ्या दरबाऱ्यांचा कोरस त्याच्याबरोबर रडतो. आता बघा, हे बघायला कोण बसलंय? ज्यांची घरं जळली ती माणसं. डोक्यावर अ‍ॅक्रोपोलिस अजून ओसाड, पार्थेनॉन देवळाचं काम सुरू व्हायला पंचवीस वर्षं आहेत. लिहिणारा स्वतः मॅरेथॉनच्या लढाईत इराण्यांशी लढलेला, त्याचा भाऊ तिथे मेला. आणि त्यांना दाखवलंय काय, तर शत्रूच्या आईचं दुःख. खर्च केला होता तरुण पेरिक्लिसनं, जो पुढे अथेन्सचा पुढारी झाला. आणि या नाटकाला पहिलं बक्षीस दिलं त्यांनी.

मी हे एपिडाव्ह्रोसच्या प्राचीन थिएटरात बघितलंय, तिथे दर उन्हाळ्यात प्राचीन नाटकं होतात, १९५५ पासून चालू आहे. दोन तास गाडी, दगडी पायऱ्या म्हणून उशी बरोबर, रात्री नऊला सुरू. माझ्या शेजारी एक आजी होत्या, दूताचं भाषण चालू असताना त्यांनी माझं मनगट धरलं, ओळख ना देख, आणि ते संपेपर्यंत सोडलं नाही.

पण मी अथेन्सचं गुणगान करत नाहीये, कारण हेच शहर वाईटही वागलं. 'पर्शियन्स'च्या साधारण वीस वर्षं आधी फ्रिनिखस नावाच्या नाटककारानं मिलेटस हे ग्रीक शहर इराण्यांच्या हाती पडलं त्यावर नाटक केलं, ते आपल्याच लोकांचं होतं, प्रेक्षक रडले, आणि रडवलं म्हणून त्याला हजार द्राख्मे दंड आणि ते नाटक परत कुणी करायचं नाही असा हुकूम. म्हणजे शत्रूचं दुःख चाललं आणि आपली ताजी जखम दाखवली ती चालली नाही. अलीकडचं घ्या, १९५९ ला कारोलोस कून या ग्रीक दिग्दर्शकानं अ‍ॅरिस्टोफेनिसचं 'पक्षी' हे विनोदी नाटक हेरोडियन या इथल्या जुन्या उघड्या थिएटरात केलं, त्यात एका पुजाऱ्याच्या प्रसंगाला चर्चमधल्या गाण्याची चाल होती, झालं, पुढचे प्रयोग मंत्र्यांनी रद्द केले. तीनच वर्षांनी त्याच नाटकाला पॅरिसला पहिलं बक्षीस. आपल्याकडे घाशीराम १९७२ ला आलं आणि एकोणीस प्रयोगांनी थांबलं, पुढे १९८० ला युरोपात गेलं तेव्हाही जाऊ नये म्हणून केवढा विरोध झाला. इथल्या ऑफिसातल्या मित्राला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, अरे हे तर आमचंच.

तर काका, माझं म्हणणं असं. गावानं पैसे दिले म्हणून गाव मालक होतं हे खरं, पण मालकानं नाटक बघून निकाल द्यावा, तिसरा नंबर द्यावा, पाडावं, टपरीवर शिव्या घालाव्यात. लिहिलेलं आधी तपासून शिक्का मारायचा आणि मगच पडदा वर, ही आपल्याकडची पद्धत मला मान्य नाही. अथेन्समधेही कुणाला कोरस द्यायचा ते अधिकारी आधी ठरवायचा, ते मी लपवत नाही, पण त्याच गाळणीतून राज्यकर्त्या क्लेऑनला भर थिएटरात फाडणारा अ‍ॅरिस्टोफेनिस पार झाला, युद्ध चालू असताना युद्ध थांबवा म्हणणारी नाटकंही झाली.

आणि दादा, खिशातून बघावं म्हणतोस तर तेही आपण करून बघितलंय. विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर १८४३ ला झालं ते सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या पैशानं, खोरेगोसच म्हण त्यांना. १८५१ ला ते गेले, राजाश्रय सुटला, मग भावे मंडळी घेऊन गावोगाव हिंडले, १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आपली धंदेवाईक रंगभूमी तिथून उभी राहिली, तिचा मला अभिमान आहे, वडशाची झाडीपट्टीची नाटकं तर आजही लोकांच्या तिकिटावर रात्रभर चालतात. तिकिटावर नाटक जगतं. पण तिकिटावर इमारत उभी राहत नाही. कोल्हापूरचं पॅलेस थिएटर शाहू महाराजांनी बांधलं, १९१५ ला, पुढे त्याचं केशवराव भोसले नाट्यगृह झालं, आणि ऑगस्ट २०२४ मधे ते जळलं तेव्हा रस्त्यावर उभी राहून माणसं रडत होती ते व्हिडिओ मी इथे रात्री तीनपर्यंत बघत बसलो होतो.

काल शेवटी ग्रुपवर लिहिलं. दादा, रस्त्याचं टेंडर आणि नाट्यगृहाचं टेंडर दोन्हीचे आकडे माहितीच्या अधिकारात माग, मग बोलू की कुठला पैसा कुठे गळतोय. छताच्या वर्गणीत माझा वाटा धर. आणि काका, उद्घाटनाचं नाटक गावातल्याच पोरांना लिहू दे, नळाच्या पाण्यावर लिहिलं तरी लिहू दे, नगराध्यक्षांना पहिल्या रांगेत बसवा.

दादाचं अजून उत्तर नाही. मामीनं मात्र एक फोटो टाकलाय, नाट्यगृहाच्या दाराला कुलूप, आणि बाजूला मध्यंतरातला तो वडेवाला, त्याची गाडी अजून तिथेच लागते.