एकट्यानेच गाणारा अ‍ॅम्प्लिफायर

माझा घरगुती अ‍ॅम्प्लिफायर गिटार न जोडताच वाजायचा. व्हॉल्यूम निम्म्यापुढे गेला की "कुईईई", बॅटरी उतरली की "फट् फट् फट्". राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या भिंती पातळ, त्यामुळे ही मैफल शेजारच्या काकूंनाही फुकट. "कुकर लावलायस काय रे?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

वस्तू म्हणाल तर एवढीशी. एलएम ३८६ नावाची आठ पायांची चिप, ९ व्होल्टची बॅटरी आणि एक स्पीकर. १ आणि ८ नंबरच्या पायांत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) टाकला की गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, २० वरून थेट २०० वर जातो. गिटारवाला २० वर समाधान मानत नाही, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं.

कोल्हापुरात बिघाड सापडायला वेळ लागेल, सल्ल्याला लागत नाही. काकांचं निदान: "अर्थिंग बघ." बॅटरीवर चालणाऱ्या डब्याला अर्थिंग कुठून आणायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. मंडळाच्या साउंडचं काम बघणाऱ्या मित्राने डोळे मिटून फटफट ऐकली आणि म्हणाला, "भावा, बेस नादखुळा हाय. हात लावू नकोस."

मी लावला. बॅटरी थकली की तिचा आतला रोध वाढतो. चिपने करंट ओढला की व्होल्टेज बसतं, ती दचकते, व्होल्टेज सावरतं, ती पुन्हा ओढते. चिपला वीज मिळते त्या ६ नंबरच्या पायाला चिकटून ग्राउंडकडे, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे, ४७० मायक्रोफॅरडचा मोठा आणि ०.१ चा छोटा कपॅसिटर टाकला, फटफट थांबली. आउटपुटवर १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी जोडीही डकवली. ती नसली तर चिप कधीकधी कानाला न कळणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर मुकाट नाचत असते आणि आपल्याला कळतो फक्त बोटाला बसलेला चटका.

"कुई" मात्र हटेना. इनपुट ग्राउंडला शॉर्ट केला की गप्प, सोडला की सुरू. बोटाने वायर हलवली तर सूरच बदलला. तेव्हा वायरींकडे नीट पाहिलं. स्पीकरची वायर आणि गिटारच्या जॅकची वायर एकमेकींना पीळ घालून बांधलेली, दर दोन बोटांवर काळा केबल टाय, वर त्याची टोकंही कात्रीने छाटलेली. बाबा! त्यांना पसारा बघवत नाही.

३ नंबरच्या पायावर जे येतं तेच मोठं होऊन, उलटं न होता, ५ नंबरवरून बाहेर पडतं. त्यातलं कणभर शेजारच्या वायरीत उतरून परत ३ वर पोचलं की झालं. बार्कहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये अट मांडली होती: फेरी मारून आलेला सिग्नल घटला नाही आणि त्याचा ताल चुकला नाही, तर सर्किट आपणहून गात राहतं. बाबांनी ती अट दर दोन बोटांवर गाठ मारून पक्की केली होती.

टाय कापले. इनपुटला शिल्डेड, म्हणजे धातूचं आवरण असलेली, वायर घातली, स्पीकरची वायर डब्याच्या दुसऱ्या अंगाने काढली. आतून सगळं गबाळं, पण गिटार जोडल्याशिवाय आता हूं की चूं नाही.

संध्याकाळी बाबा उघड्या डब्यात डोकावले. "हे काय लोंबायलंय?"

"बाबा, ते तसंच असतंय."

"तसंच कसं असंल?" म्हणत त्यांनी ड्रॉवर उघडला.

झाकणाला आता चार स्क्रू आहेत आणि स्क्रूड्रायव्हर मी रोज बॅगेतून ऑफिसला नेतो.