ब्रशचं सोडा, पंख्याचं बोलू

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की इको-फ्रेंडली म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, रिठ्याने कपडे निघत नाहीत, आणि हे सगळं करायचं शेवटी घरातल्या बाईनेच.

पहिल्यावर तर आपलं भांडणच नाही. बांबूचा ब्रश नाहीतर ते 'नॅचरल' फ्लोअर क्लीनर घेऊन कोणाचे पैसे वाचणारेत? पाकिटावर हिरवं पान छापलं की भाव वाढतो, एवढंच. खरी बचत त्या रॅकवर नसतेच. पंखाच बघा ना, साधा सीलिंग फॅन ७०-७५ वॉट खातो आणि बीएलडीसी (म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) ३०च्या आसपास, दिवसाला १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट वाचली, युनिटला ८ रुपये धरा, झाले सव्वाशेच्या वर. घेताना हजार-बाराशे जास्त गेले तरी वर्षाच्या आत वसूल, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पंखा १२ तासांवर थांबतो कुठे!

रिठा. कॉलरचा मळ, हळदीचे डाग त्याने जात नाहीत, तिथे पावडरच लागते. पण स्वेटर, साधी सिल्कची साडी, चांदीचे पैंजण यांना रिठ्याचं पाणी छान चालतं (भारी जरीवर मी प्रयोग करत नाही). बोअरच्या पाण्याने नळावर पांढरे थर धरतात ना, त्यावर वाण्याकडचं सायट्रिक अ‍ॅसिड चमचाभर कोमट पाण्यात घालून लावा, दहा मिनिटांनी घासा, वेगळा स्प्रे कशाला. फक्त कडप्प्याच्या ओट्यावर आणि शहाबादी फरशीवर अजिबात नको, ते दगडच चुनखडीचे, डागाबरोबर दगडही खाल्ला जातो. आणि व्हिडिओत खायचा सोडा नि व्हिनेगर एकत्र ओततात तेही नको, फेस मस्त येतो पण दोघं एकमेकांना मारतात, कामाचं काही उरत नाही.

तिसरा मुद्दा मात्र एकदम बरोबर पकडलात. बायोएन्झाइम म्हणजे फरशी पुसायचं घरगुती क्लीनर: एक भाग गूळ, तीन भाग फळांच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने मुरवायचं, त्यात पहिला महिना रोज झाकण उघडून गॅस सोडायचा, नाहीतर बाटली फुटायची भीती. आमच्याकडे हे सगळं सासऱ्यांनी अंगावर घेतलंय, मी फक्त पुसायच्या पाण्यात ओतते. तुमच्याकडे तसं कोणी नसेल तर सरळ फिनाइल आणा, पण झाकणाने मोजून घाला, आपण सगळे डोळे झाकून बाटली उपडी करतो.