म्हणे, २१ दिवसांत गोळ्या बंद!

'पालकांनो, डोळे उघडा' असा एक लांबलचक संदेश सध्या गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत फिरतो आहे. परवा तो आमच्या घरच्या गटात पोचला आणि खाली लगेच मावशीचा प्रश्न: 'मग बाबूच्या गोळ्या थांबवू?' नको गं मावशी. त्यासाठीच हा खटाटोप.

संदेशाचे म्हणणे असे. डिप्रेशन, घाबरेपणा ही सगळी मोबाइलची थेरे. गोळ्यांची सवय लागते, म्हणून २१ दिवसांत त्या बंद करून ब्राह्मी सुरू करा. मुलाला कॉलेजातून काढून घरी विश्रांती द्या. बांबोळीच्या मनोरुग्णांच्या इस्पितळात नाव लागले की नोकरी गेली, लग्न गेले. एवढे करूनही सुधारला नाही, तर लग्न लावून द्या. (शेवटची दोन वाक्ये लागोपाठची आहेत, बरे का.)

आधी गोळ्या, कारण जिवाशी खेळ तिथे आहे. डिप्रेशनच्या गोळीचा त्रास आधी सुरू होतो आणि गुण मागाहून येतो. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, अस्वस्थपणा, झोपेची उलथापालथ. मन जरा हलके वाटू लागते ते दोन ते चार आठवड्यांनी, पुरता अंदाज यायला सहा-आठ आठवडे. म्हणजे गोळी नुकती लागू पडत असते तेव्हाच ती फेकायला सांगितले आहे. बरे वाटल्यावरही ती साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, मग डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. परीक्षेच्या तोंडावर हा उद्योग करू नये. एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत चक्कर, चिडचिड, भलती स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे. घरचे म्हणतात, 'बघ, सवय लागली!' ही व्यसनाची तलफ नव्हे. शरीराला सावरायला वेळ दिला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अर्धे खरे आहे ते मान्य करतो. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम या झोपेच्या-घाबरेपणाच्या गोळ्यांची सवय खरेच लागते, तीही काही आठवड्यांत. पण त्या रोज घेणाऱ्याने अचानक बंद केल्या तर फिट येऊ शकते, म्हणजे तिथेही '२१ दिवसांत बंद' हा सल्ला घातकच. आणखी एक: डिप्रेशनच्या गोळ्यांवर पंचविशीच्या आतल्यांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची ठळक सूचना आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. उपाय काय? त्या दिवसांत मुलाला एकटे पाडू नका, तपासणीची तारीख चुकवू नका आणि 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही लागतो.

आता 'घरी विश्रांती'. याला उत्तर द्यायला परदेशात जायला नको. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेला प्रयोग गोव्यातल्याच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाला. डिप्रेशनचे ४९५ रुग्ण, आणि समुपदेशक डॉक्टर नव्हेत, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे. सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के सावरले, न मिळालेल्यांपैकी ३९. रुग्ण १८ ते ६५ वयाचे होते, सगळे तरुण नव्हेत. पण त्या समुपदेशनाचे सूत्र तरुणांनाही लागू पडते: मन लागेल तेव्हा काम करू असे न म्हणता, काम आधी, मन मागून येते.

काम किती मोठे? पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकला की फाटकापर्यंत जाऊन चार उंडे (गोल पाव) घ्यायचे, एवढे. जाण्याआधी आणि आल्यावर मनाला दहापैकी गुण द्यायचे, वहीत लिहायचे. बिघडते कुठे, तर बाप पहिल्याच दिवशी सांगतो, 'रोज तासभर धाव.' तिसऱ्या दिवशी वही बंद. जमले नाही तर काम निम्मे करा, वेळ तीच ठेवा. कॉलेजचेही तसेच. आधी दोन तास बसू दे, हजेरीसाठी डॉक्टरांचा दाखला द्या. कॉलेजातून नाव काढले की मित्र, बसचा प्रवास, दिवसाचा आकार, सगळेच एका झटक्यात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमानाच्या २६ प्रश्नांत उदासीइतकीच मैत्री, पैसा, प्रवास आणि फुरसत यांचीही विचारपूस आहे, ती उगाच नव्हे.

मोबाइल? रात्री उशाशी नको, हे खरे. घरातल्या सगळ्यांचे चार्जर स्वयंपाकघरात लावा, वडिलांचासुद्धा. पण निम्मे मानसिक आजार चौदाव्या वर्षापर्यंत सुरू होतात, हे अमेरिकेतल्या पाहणीतून २००५ सालीच छापून आले, तेव्हा पोरांच्या हाती स्मार्टफोन नव्हते.

नाव लागण्याची भीती: २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम २३ वाचा. उपचारांची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. गावात बातमी फुटते ती बहुधा नातेवाइकांकडूनच. देवाला गाऱ्हाणे घालायचे तर खुशाल घाला, गोळी चालू ठेवून. लग्नाच्या सल्ल्यात समोरच्या मुलीचा एका शब्दानेही विचार नाही, त्यावर आणखी काय बोलायचे?

मावशी, ब्राह्मी सुरू केलीच असेल तर डॉक्टरांना तसे सांग. आणि पुढच्या तारखेला चिठ्ठीबरोबर उरलेल्या गोळ्याही ने, मोजून.