देवमाशाचा घोटा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

देवमाशांच्या उत्क्रांतीवरचा लेख वाचून तुम्ही नेरूळहून सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचा आक्षेप असा : १९८३ साली चित्रात पोहताना दाखवलेला पाकिसेटस, म्हणजे एक अतिप्राचीन देवमासा, २००१ साली चार पायांवर चालायला लागला. मग चार तुकड्यांवरून अख्खा प्राणी उभा करणाऱ्यांना हवं तेच दिसतं, यात विज्ञान कुठे?

ते चित्र चुकलंच होतं. तेव्हा हाती होते कवटीचे तुकडे, जबडा आणि दात. धड अंदाजाने जोडलेलं. पण पाकिसेटस देवमाशांच्या गोतात बसला तो कानामुळे. मधल्या कानाभोवतीच्या हाडाची आतली भिंत देवमाशांत जाडजूड असते, तशीच त्याचीही आहे. पुढे सांगाड्याची हाडं मिळाली, धडाचं चित्र बदललं. कान होता तसाच राहिला.

'हवं तेच दिसतं' हे मात्र मला अजिबात पटत नाही. देवमासे मेसोनिकिड या खूरवाल्या मांसाहारी प्राण्यांच्या कुळातून आले, असं जीवाश्मतज्ज्ञ फिलिप जिंजरिच बरीच वर्षं मांडत होते. दातांचं साम्य तसं होतंच. डीएनए मात्र पाणघोड्याकडे बोट दाखवत होता. मग बलुचिस्तानात सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशांची घोट्याची हाडं मिळाली, वर-खाली दोन्हीकडे कप्पीसारखी खाच असलेली. असं हाड शेळी, डुक्कर, हरीण, पाणघोडा अशा समखुरी प्राण्यांचंच. २००१ साली जिंजरिच यांनी आपलं जुनं मत सोडलं. हवं ते बघणारा माणूस असं करत नाही.

आणि हे सगळं परदेशातच सापडतं, असंही नाही. जम्मूतल्या कालाकोटचे खडक भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केले होते. ते वर्षानुवर्षं पडून राहिले. त्यांच्या पश्चात त्यातली एक कवटी साफ करताना चुकून फुटली आणि आत कानाच्या हाडाची तीच जाड भिंत दिसली! हा देवमाशांचा जवळचा नातलग : मांजराएवढा, खूरवाला इंडोह्यूस. हे २००७ साली प्रसिद्ध झालं. मला तर हा शोध सगळ्यात जास्त भावतो.

घोट्याचं हाड स्वतः बघायचंय? नेरूळला काय नि इथे ठाण्यात काय, मटणवाल्याला बोकडाची मागची तंगडी घोट्याच्या वरून तोडून द्यायला सांगा. उकडून मांस काढलंत की सांध्यातलं ते छोटं हाड सुटं होतं. दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवा, खाचा हाताला लागतील. मग पुन्हा लिहा, मी वाट बघतोय.