मार्चअखेरच्या घाईचं मूळ नियमात आहे

नागपुरात रस्त्यांची कामं मार्चमध्येच का उरकतात, याचं उत्तर एका लेखात 'अधिकाऱ्यांचा आळस' असं दिलेलं वाचलं. पटत नाही. शासकीय खात्यांचा अखर्चित निधी 31 मार्चला व्यपगत होतो, म्हणजे नंतर वापरता येत नाही, शिवाय पैसा परत केला की पुढच्या अंदाजपत्रकात कात्री लागण्याची भीती. बचत करणाऱ्यालाच शिक्षा! मग प्रामाणिक अभियंतासुद्धा मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) भरून बिल काढण्याच्याच मागे लागणार. भोगतो तो रस्ता. सिमेंट काँक्रीट 14 दिवस तरी ओलं ठेवावं लागतं; आपल्याकडच्या मार्चच्या उन्हात ते सुरुवातीलाच कोरडं पडलं की वरच्या थराला भेगा जातात आणि पुढे तिथूनच पापुद्रे सुटतात.

लीबमन आणि महोनी या अर्थतज्ज्ञांच्या 2017 च्या अभ्यासात अमेरिकी केंद्र सरकारची वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातली खरेदी उरलेल्या वर्षाच्या आठवडी सरासरीच्या 4.9 पट निघाली. त्या आठवड्यातल्या आयटी प्रकल्पांचा दर्जाही खालावलेला. तिथल्या न्याय खात्याला मात्र आयटीसाठी उरलेला पैसा पुढे नेण्याची मुभा आहे, तिथे ही घसरण आढळली नाही. माणसं तीच, नियम वेगळा. निदान कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) निघालेल्या कामांचा निधी तरी आपल्याकडे पुढच्या वर्षात नेता आला पाहिजे.