कोण पेटवतं हे डोंगर?

फेब्रुवारी लागला की साताऱ्याच्या आसपास एक डोंगर धड दिसत नाही. रात्री वणव्याच्या लाल माळा, सकाळी काळंठिक्कर टक्कल, आणि खोऱ्यात दिवसभर धूर कोंडलेला. यवतेश्वरचा डोंगर पेटला, तर आता कुणी मान वर करूनसुद्धा बघत नाही.

नागपूरहून बहीण-दाजी आले होते, पोरांना घेऊन. पाचगणीच्या टेबललँडवर नेलं. खाली कृष्णेचं खोरं, धोमचं पाणी, पलीकडं कमळगड, असं मी गाडीतच फुशारकीनं सांगून ठेवलेलं. दिसलं काय? घंटा! धुरात कमळगडाची पुसट कड, धरणाचा पत्ताच नाही. भाचा विचारतोय, "मामा, धरण कुठाय?" दाजी तोंडावर काही बोलले नाहीत, पण कौतुकानं आणलेली दुर्बीण त्यांनी पिशवीतनं बाहेर काढलीच नाही. घोडेवाला म्हणाला, "सायेब, पावसाळ्यात या." अरे बाबा, पावसाळ्यात धुकं, उन्हाळ्यात धूर, मग माणसानं बघायचं कधी? बहिणीला दमा. ती रात्रभर खोकत बसली, म्हणून दुसऱ्या दिवशीचं महाबळेश्वर रद्द. खोलीचे आगाऊ भरलेले पैसे अर्थातच बुडाले.

बरं, एकटा वणवाच नाही. खाली वाई-कराडपासून वाळव्यापर्यंत ऊस तुटला की पाचट, म्हणजे मागं राहिलेला वाळका पाला, पेटवायचं. तेच पाचट कुट्टी करून सरीत ठेवलं तर ओल टिकते, जमिनीला खत मिळतं, हे शेतकऱ्याला माहीत नाही असं नाही. पण काडी लावली की अर्ध्या तासात रान मोकळं! थंडीच्या सकाळी गार हवा खोऱ्याच्या तळाशी बसते, वर उबदार हवेचं झाकण. धूर जाणार कुठं? आपल्याच छातीत.

आणि डोंगर पेटवणाऱ्यांचं एकच पालुपद, "गवत चांगलं येतं." कोंब लवकर दिसतात, खरंय. पण त्याखाली रोपं भाजली, बी जळालं, घरटी गेली, आणि उघडी पडलेली माती पहिल्या वळवात ओढ्याला लागली, त्याचं काय? राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानुसार, कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे. कायदा आहे हो, पण काडी ओढणारा सापडेल तर ना!

वनरक्षक आणि गावातली चार पोरं ओल्या फांद्या घेऊन भर उन्हात कड्यावर आग झोडपत असतात. आणि पेटवणारा संध्याकाळी पारावर बसून साळसूदपणे विचारतो, "आज कुठं लागलाय रे वणवा?"