अध्यक्षांच्या परवानगीने, ऐनवेळचे विषय

सर्वप्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. गेल्या आठवड्यात गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात जी पालकसभा भरली, जिच्यात एकाने आपले नाव सुचवले, दुसऱ्याने अनुमोदन दिले आणि तिसऱ्याने चहा थंड होतोय म्हणून लगबगीने टाळी वाजवली, त्या सभेने आपल्याला शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष केले आहे. पद दोन वर्षांचे आहे. मानधन नाही, परंतु पंधरा ऑगस्टला पहिल्या रांगेतली प्लास्टिकची खुर्ची आहे, श्रीफळ आहे आणि स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत सरपंचांच्या खालोखाल नाव आहे. मी स्वतः अशाच एका समितीवर दोन वेळा सदस्य होतो आणि चार वर्षांत माझ्याकडून शाळेला कसलाही त्रास झाला नाही, याची नोंद दप्तरात सापडेल. त्या अनुभवाच्या जोरावर चार गोष्टी सांगण्याचे धाडस करतो.

पहिली गोष्ट म्हणजे कायदा वाचू नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याचे एकविसावे कलम माणसाची झोप उडवणारे आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात, समितीने शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवावी, शाळेचा विकास आराखडा तयार करावा, आलेले अनुदान कुठे गेले ते पाहावे, अशी भलतीसलती कामे त्यात लिहून ठेवली आहेत. इतका अधिकार आपल्याला दिला आहे हे एकदा कळले की तो न वापरल्याची जबाबदारीही आपल्यावरच येते, आणि म्हणून न कळलेलेच बरे. 'देखरेख' हा शब्द कानावर आलाच, तर त्यातले 'देख' सोडून द्यावे आणि सहीच्या जागेवर 'रेख' तेवढी ओढावी.

पद टिकवायचे तर मात्र एक पथ्य पाळावे लागेल. अध्यक्ष पालकांमधूनच व्हावा लागतो, त्यामुळे आपले निदान एक मूल या शाळेत असणे भाग आहे. यावर आमच्या भागात एक सोयीचा तोडगा रुळलेला आहे. थोरली मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवावी आणि धाकट्या मुलाला सकाळी पिवळ्या व्हॅनमध्ये कोंबून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पाठवावे. सातबारा कुणाच्या तरी नावावर असावा लागतो, तसे आपले अध्यक्षपद मुलीच्या नावावर आहे असे समजावे. ती पाचवी पास होऊन बाहेर पडेपर्यंत आपली मुदतही संपलेली असते.

आता मासिक सभेविषयी. सभा दर महिन्याला झाली पाहिजे, आणि ती होतेच. फक्त ती एका जागी होत नाही. इतिवृत्ताची वही एखाद्या मोठ्या मुलाच्या हाती देऊन गल्लीगल्लीतून फिरवली जाते, आणि सभा त्या वहीबरोबर घरोघर जाते. एखाद्या महिला सदस्या खुरपणीला गेलेल्या असतात. बांधावर उभ्या राहून, पदराला हात पुसून त्या सही करतात, किंवा त्यांच्या वतीने त्यांचे यजमान करतात, आणि निम्म्या महिलांची कायद्यातली अट पूर्ण होते. माझ्याकडे एकदा ही वही संध्याकाळी आली. 'सभेत सविस्तर चर्चा होऊन' अशी सुरुवात होती, खाली अकरा सह्या होत्या, आणि माझ्या नावापुढची जागा तेवढी रिकामी होती. वही घेऊन आलेला मुलगा पाचवीतला होता. मी सहज म्हणालो, बाबा रे, काय लिहिलंय ते वाच बघू. त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवले, 'स… भे… त' इथपर्यंत आला, 'सवि'पर्यंत रेटले, आणि पुढच्या जोडाक्षरापाशी थांबला. मग माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "काका, सही करा ना, गुरुजी थांबलेत." मी सही केली. ठराव होता, शाळेतील सर्व विद्यार्थी वाचनात प्रगत झाल्याबद्दल शिक्षकवृंदाचे अभिनंदन करण्याचा.

या प्रसंगाने मी थोडा अस्वस्थ झालो होतो हे कबूल करतो, पण ती अननुभवाची खूण होती. 'प्रगत' हा शब्द मुलांविषयी नाही हे मला तेव्हा उमगले नव्हते. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला आणि शाळा प्रगत घोषित होऊ लागल्या. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, त्याआधीच शिक्षकांनी खडू, बिया आणि फरशीवरच्या आखणीतून मुलांना खरोखर शिकते केले होते आणि ते पाहायला राज्यभरातून गाड्या भरून माणसे गेली. परत येताना बहुतेकांनी फरशीवरची आखणी आणली. शिकवणे गाडीत मावले नसावे.

मुलांना वाचता येते का, हा प्रश्न आपल्याला कुणी विचारणार नाही. विचारलाच तर कोणता आकडा पुढे करायचा हे माहीत असावे. 'असर' नावाची एक पाहणी २००५ पासून होते. तिचे स्वयंसेवक शाळेतल्या नोंदी पाहून समाधान मानत नाहीत, तर घरी येऊन मुलाच्या हाती दुसरीच्या पातळीची गोष्ट देतात. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांना ती वाचता आली. हा आकडा फलकावर लिहू नये. त्याऐवजी राज्यांच्या शालेय शिक्षणाला गुण देणाऱ्या केंद्र सरकारच्या कामगिरी श्रेणी निर्देशांकाचा २०२०-२१ चा आकडा लिहावा. त्यात महाराष्ट्राला १००० पैकी ९२८ गुण होते आणि केरळ व पंजाबच्या बरोबरीने आपण अव्वल होतो. त्या हजार गुणांची विभागणीही समजून घेण्यासारखी आहे: मुले काय शिकली याला १८० गुण आणि प्रशासकीय प्रक्रियांना ३६०. मूल वाचायला शिकण्यापेक्षा त्याची माहिती वेळेवर भरली जाणे दुप्पट मोलाचे, हे ज्या मोजपट्टीने ठरवले तिच्यावर आपण अव्वल आलो, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

म्हणूनच गुरुजींना दोष देऊ नये, ही माझी कळकळीची सूचना आहे, आणि ही एक सूचना मी उपरोधाने करत नाही. कायद्याप्रमाणे ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात आणि वर्ग असतात पाच. त्यातले एक मुख्याध्यापकपदाचा प्रभार सांभाळतात, म्हणजे महिन्यातले बरेच दिवस तालुक्याला बैठकीत, प्रशिक्षणात किंवा 'माहिती तात्काळ सादर करावी' या निरोपाच्या पाठीमागे असतात. उरलेल्या गुरुजींना मी भर शाळेच्या वेळात कंपाउंडच्या भिंतीवर चढलेले पाहिले आहे. पोषण आहाराची त्या दिवशीची संख्या ॲपवर भरायची होती आणि रेंज फक्त भिंतीच्या उत्तर कोपऱ्यावर येत होती. खाली पाच वर्गांची मुले एकत्र बसून तेराचा पाढा म्हणत होती; 'तेरा सत्ते' आले की आवाज दरवेळी बारीक होत होता आणि 'तेरा दाहे'ला पुन्हा चढत होता. कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी तीनच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात. भिंतीवर चढणे हे त्यापैकी कशात मोडते, ते एखाद्या विस्तार अधिकाऱ्यांना विचारून पाहावे. अर्थात ते पद भरलेले असेल तर.

वरच्या साखळीचा विषय निघालाच आहे, तर तक्रार कशी करावी हेही सांगतो. पावसाळ्यात दुसरीच्या वर्गाचे छत गळते, असे समजू. आपण आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना अर्ज द्यावा. त्यांच्याकडे दुसऱ्या केंद्राचाही प्रभार असतो, म्हणून ते तो अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अग्रेषित करतील. तिथून तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल, बांधकाम विभागाचा अभिप्राय मागवला जाईल, आणि शेवटी 'मुख्याध्यापकांनी नियमानुसार उचित कार्यवाही करावी' अशा शेऱ्यासह तो आपल्याच शाळेत परत येईल. या प्रवासाला साधारण एक उन्हाळा लागतो आणि उन्हाळ्यात छत गळत नाही. लोकप्रतिनिधींकडे जावे म्हणाल, तर मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे तिथे प्रशासकच कारभार पाहत होते. जिल्हा परिषदेची शिक्षण समिती त्या काळात कागदावरही नव्हती. म्हणजे गळके छत पाहायला निवडून आलेले असे कोणी उरले असेल, तर ते आपणच होतो. ही बाब कुणाच्या लक्षात आणून देऊ नये.

पैशाविषयी फार चिंता नसावी, कारण पैसाच फार नसतो. पट तीसच्या आत असेल तर वर्षाला १०,००० रुपये आणि शंभरपर्यंत असेल तर २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान असते, त्यातच खडू, झाडू, दुरुस्ती आणि बरेच काही. ते रंगावर खर्च करावे. बोलक्या भिंती हा प्रकार अधिकाऱ्यांना मनापासून आवडतो. भिंती बोलू लागल्या की मुलांनी बोलायची गरज उरत नाही, आणि फोटोत भिंतच येते. लोकवर्गणीतून आणलेला मोठा टीव्ही असेल तर त्याच्यावर भरतकामाचे कापड घालून ठेवावे. वीज बिल थकल्यामुळे तो चालत नाही, पण 'डिजिटल शाळा' हा फलक त्याच्यामुळेच आहे.

या सगळ्यातून पट हळूहळू उतरत जाईल. घाबरू नये, आपण एकटे नाही. २०२३ मध्ये शासनाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा मोजल्या तेव्हा त्या १४,७८३ निघाल्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. या मुलांना एका मोठ्या समूह शाळेत न्यावे, असा विचार पुणे जिल्ह्यातल्या पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळ इथल्या समूह शाळांच्या उदाहरणांवरून पुढे आला. आपली शाळा त्या यादीत आली की आपले खरे कर्तृत्व दाखवायची वेळ आली असे समजावे. तालुक्याला मोर्चा न्यावा, 'आमची शाळा बंद पडू देणार नाही' अशी घोषणा द्यावी, बातमी छापून आणावी. घोषणा अगदी रास्त आहे. सहा-सात वर्षांच्या पोरीला ओढा ओलांडून पलीकडच्या गावी पाठवायला कुणीच तयार होणार नाही आणि होऊही नये. फक्त मोर्चाचा दिवस ठरवताना इंग्रजी शाळेच्या पालकसभेची तारीख पाहून घ्यावी, नाहीतर निम्मे मोर्चेकरी तिकडे जातील.

एक धोका मात्र राहतो. एखाद्या महिन्यात सभा खरोखरच एका जागी भरते. बहुधा वही फिरवणारा मुलगा आजारी असतो म्हणून. अशा वेळी मागे बसलेली एखादी सदस्या, जिने आजवर तोंड उघडलेले नाही, पदर सावरून विचारते, "साहेब, आमच्या पोरीला वाचता येत नाही. इथं किती जणांना येतंय, ते एकदा सगळ्यांसमोर बघूया का?" सभेत शांतता पसरते. गुरुजी पंख्याकडे बघतात. आपण गोंधळून जाऊ नये. प्रश्न चांगला असल्याचे सांगावे, बाईंचे कौतुक करावे आणि हा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेत शेवटी असलेल्या 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय' या सदरात घेऊ, असे जाहीर करावे. नंतर स्वयंपाकीण ताईंचे मानधन, शौचालयाचे कुलूप आणि सहलीची वर्गणी यांवर अशी सविस्तर चर्चा घडवून आणावी की मधली सुट्टी होईल. त्या बाईंना म्हशीला पाणी दाखवायचे असते. त्या उठून जातील. वहीत पुढचे वाक्य आधीच लिहिलेले असते: ऐनवेळी कोणताही विषय न आल्याने अध्यक्षांच्या परवानगीने व सर्वांचे आभार मानून सभा संपल्याचे जाहीर करण्यात आले.